मदत हवी आहे: नेरुळच्या परसातल्या तळ्यात वाहतं पाणी, पण बनावट वाटायला नको

नमस्कार मंडळी,

आमचं नेरुळला रो-हाऊस आहे. मागच्या अंगणात आठ बाय पाच फुटांचं, दोन फूट खोल तळं केलंय, म्हणजे काठोकाठ भरलं तर साधारण २,२५० लिटर. आत कुमुदिनीच्या कुंड्या आहेत आणि भरपूर गप्पी. आता पाण्याला थोडी हालचाल हवी आणि संध्याकाळी ओट्यावर बसलं की आवाज कानावर यावा.

नर्सरीवाल्याने फायबरचा तयार खडक दाखवला. तपकिरी रंग, वर प्लास्टिकची वेल आणि आत निळा दिवा! पावसाळ्यात येऊरला किंवा खारघरच्या डोंगरात ओहोळ बघा. कातळ काळा, पाणी दोन दगडांच्या मधून येतं आणि मुळात कुठून निघालं ते दिसत नाही. मला तसं काहीतरी हवंय.

डोक्यात आहे ते असं: काळ्या दगडाच्या दोन-तीन पायऱ्या. सासूबाई कोकणातल्या, त्यांना जांभा हवाय. शेवाळ छान धरतो हे खरं, पण इथे तो उपरा दिसेल असं मला वाटतं. सासऱ्यांना गोमुख हवंय (ते नैसर्गिक कसं, हे त्यांना कोण सांगणार). शिवाय घरात जुना दगडी रगडा नुसता पडून आहे. त्यातून पाणी वर आणून कडेने ओघळू दिलं तर?

पंप किती लिटरचा घ्यावा? आणि कुमुदिनीला हे सगळं चालेल का?

प्रतिसाद

कुमुदिनीला संथ पाणी लागतं. पानांवर सतत शिंतोडे पडले की ती रुसते. चाळीस चौरस फुटांत धबधबा लावलात तर तिला जागा उरणार नाही. रगडाच करा, आणि तोही तळ्याच्या बाहेर, काठावरच्या कोपऱ्यात. तिथून पाणी एका बसक्या दगडावरून आत घसरू दे. उंची नऊ इंच पुरे.

दगड लावताना सगळे एका मापाचे घेऊ नका. एक मोठा, बाकी लहान-मोठे, आणि प्रत्येकाचा तिसरा हिस्सा मातीत गाडलेला. दोन्ही बाजूंची माती पाण्याच्या वाटेपेक्षा उंच ठेवा. ओहोळ खोलगट जागेतून वाहतो. सपाट अंगणात दगड नुसते रचले की ढिगाऱ्याच्या डोक्यावरून नळ सोडल्यासारखं दिसतं. दगडांखाली लायनर (पाणी न झिरपू देणारं जाड प्लास्टिक) घ्या आणि मागच्या फटी काळ्या फोमने भरा, नाहीतर पाणी दगडावरून न येता खालून पळेल.

पंप: सहा इंच रुंद सलग धार हवी असेल तर ताशी साधारण २,२०० लिटर, नुसतं ओघळायचं तर त्याच्या निम्मं. खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो, वर चढवताना तो घटतो. तोंडाला स्पंज बांधा, गप्पीची पिल्लं आत ओढली जातात.

प्रतिसाद

रगड्याला भोक पाडायला ग्रॅनाइट कापणाऱ्याकडे जा, त्याच्याकडे दगडाला गोल भोक पाडणारं कोअर बिट असतं. छिन्नीने तडकेल. आणि सिमेंट वापरलंत तर मासे असलेल्या पाण्याशी संबंध येण्याआधी ते चांगलं धुऊन काढा, चुना उतरतो. कोपरा शेजाऱ्यांच्या भिंतीला लागून असेल तर माती भिंतीला टेकवू नका, ओल गेली की भांडण ठरलेलं.

धागाकर्ती

धन्यवाद! म्हणजे रगडा नक्की. गोमुखाचं घरात बघते. वीज वाचवायला पंप रात्री बंद ठेवला तर?

प्रतिसाद

उलट रात्री चालू हवा. पाण्यातला प्राणवायू पहाटे सगळ्यात कमी असतो. वीस वॅटचा पंप चोवीस तास चालला तरी अर्धं युनिट. आणि कधी बंद केलात तर रगड्याच्या खळग्यात उरलेलं पाणी उपसून टाका, डेंग्यूच्या डासाला तेवढंही पुरतं आणि तिथे गप्पी पोचत नाहीत.