मुलांना विचारायचं कसं?

‘सीसीटीव्ही लागले, आता शाळा सुरक्षित’ असं अनेकदा म्हटलं जातं, पण तेवढ्याने भागत नाही. शौचालयात कॅमेरा लावता येत नाही, आणि छळायला तीच जागा सोयीची. मुंबईतल्या दोन सत्रांच्या शाळांत दुपारी सकाळची मुलं उतरतात, दुपारची चढतात, जिना मात्र एकच. धक्काबुक्की, पैसे हिसकावणं तिथे गर्दीत खपून जातं.

म्हणून मुलांनाच विचारा. ‘सुरक्षित वाटतं का?’ या प्रश्नाला बहुतेक जण ‘हो’ म्हणून मोकळे होतात. त्यापेक्षा ‘गेल्या महिन्यात कुणी ढकललं? जातीवरून, रंगावरून चिडवलं? शिक्षकांनी मारलं?’ असं नेमकं विचारा. शाळेचा नकाशा देऊन भीती वाटते तिथे फुली मारायला सांगा. उत्तरं कागदावर घ्या, त्यावर नाव, हजेरी क्रमांक नको. कागद वर्गशिक्षकांनी तर गोळा करूच नयेत, त्यांना अक्षर ओळखू येतं! तळाशी १०९८ हा मुलांच्या मदतवाहिनीचा क्रमांक छापा.

शिक्षकांच्या मारावर शिक्षणहक्क कायद्याच्या (२००९) कलम १७ नुसार बंदी आहे. मुलावर लैंगिक अत्याचार होईल अशी शंका असली किंवा झाल्याचं कळलं, तर पॉक्सोच्या (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या) कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं. ‘आधी शाळेत चौकशी करू’ ही सबब चालत नाही.