शब्दचर्चा : 'स्वेट लॉज'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : अमेरिकेतल्या साऊथ डकोटातल्या लाकोटा या मूळनिवासी लोकांवरचा एक लेख मराठीत आणतेय, त्यात स्वेट लॉज (वाफेत बसून प्रार्थना करायची त्यांची झोपडी) सतत येतो. लॉज तसाच ठेवला तर लोकांना एसटी स्टँडसमोरचा लॉज आठवणार. 'घामघर' चालेल का सरळ 'स्वेदनगृह'?

उत्तर : ताई, स्वेदन नकोच, तो पंचकर्मातला शब्द, वाचणाऱ्याला उपचार वाटेल. घाम येतो हो, पण घामासाठी कोणी बसत नाही, प्रार्थनेला बसतात. त्यांचा स्वतःचा शब्द 'इनीपी', त्यातलं 'नी' म्हणजे जगणं, जीव. तोच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे नीट वर्णन द्या. म्हणजे विलोच्या (आपल्या वाळुंजाच्या जातीचं झाड) फांद्या वाकवून केलेला बुटका घुमट, आत रांगतच जायचं, वर पूर्वी बायसनची कातडी असायची आता ब्लँकेटं नि ताडपत्री, मधे खड्डा, बाहेरच्या आगीत लाल केलेले दगड त्यात आणतात, दार बंद, मिट्ट काळोख, आणि पाणी ओतलं की अशी वाफ उठते की मान खाली जाते. एकूण चार फेऱ्या, मधे दार उघडतात. त्या दगडांना ते आजोबा म्हणतात, तिथे कृपा करून 'तापलेले खडे' वगैरे लिहू नका.

प्रश्न : आणि 'शुद्धीकरण'?

उत्तर : मी टाळेन. आपल्याकडे शुद्धी म्हटलं की विटाळ, सोवळंओवळं आलंच. इनीपी सन डान्सच्या (त्यांचा मोठा धार्मिक नृत्यविधी) आधी किंवा एकट्याने डोंगरावर उपास करून दृष्टांत मागायला जाण्याआधी करतात, तेव्हा 'तन-मन निर्मळ करणं' पुरे.

आणखी एक : 'स्वेट लॉज' अगदीच टाकू नका, नकली प्रकारांसाठी ठेवा. २००९ ला अॅरिझोनात सेडोनाजवळ एका सेल्फ-हेल्प गुरूने माणशी नऊ हजार डॉलरच्या वर घेऊन असला प्रकार केला, ३ माणसं गेली, त्याला इनीपी म्हणणं हा लाकोटांवर अन्याय आहे. अमेरिकन सरकारने १८८३ पासून लाकोटांच्या विधींवर बंदी आणलेली, कायद्याचं संरक्षण मिळालं थेट १९७८ ला, आणि १९९३ ला लाकोटांनी स्वतःच विधींच्या असल्या विक्रीविरुद्ध जाहीरनामा काढला. एवढं सोसून जपलेला शब्द आहे, भलत्याला चिकटवू नका.

प्रश्न : पटलं. आत-बाहेर करताना 'मिताकुये ओयासिन' म्हणतात, त्याला 'सगळे माझे सोयरे' लिहिलंय.

उत्तर : सोयरे लग्नाने जोडतात. यात झाडं, प्राणी, दगडसुद्धा येतात, 'माझं सगळं गणगोत' करा.