मदत हवी आहे: कारखान्याच्या वहीतले हे 'जावई', 'सासूबाई' आणि 'मामा' म्हणजे नेमकी कुठली हत्यारं?

नवा_मालक:

नमस्कार मंडळी,

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात जॉबवर्कचं एक छोटं शॉप नुकतंच चालू स्थितीत विकत घेतलं. दोन लेथ, एक शेपर, एक पिलर ड्रिल आणि हत्यारांनी भरलेलं लोखंडी कपाट. माझी सगळी नोकरी खरेदी विभागात गेली, त्यामुळे हत्यारं मला दरपत्रकातल्या नावांनी माहीत आहेत. घोळ तिथेच झालाय.

कपाटात एक लांबट वही सापडली. कोणतं हत्यार कोणाकडे गेलं, कधी परत आलं, याच्या नोंदी आहेत. इथे शेजारपाजारच्या शॉपमध्ये हत्यारांची उसनवारी सर्रास चालते, त्यामुळे माझं बरंच सामान अजून गल्लीत फिरतंय. ते गोळा करायचं आहे. वही लिहायचे मिस्त्री, आणि ते आता हयात नाहीत. जुन्या मालकांना फोन केला तर म्हणाले, "मी फक्त बिलं आणि चेक बघायचो हो. आतलं सगळं मिस्त्रींना ठाऊक."

वहीत एकाही हत्याराचं सरळ नाव नाही. ज्या नोंदींनी डोकं खाल्लंय त्या जशाच्या तशा देतो:

"जावई – बुशवाल्याकडे, पेटीसकट. तीन टकटक झाली की थांबा, पुढे पिळू नका, असे बजावले."

"भाऊबंदकी उतरवली, एकत्र कुटुंब चढवले." (ही नोंद दर दोन पानांआड. उलटीसुद्धा आहे.)

"तलाठी – पॅटर्नवाल्याकडे. सुई मोडून आणली. चहा दिला नाही."

"सासूबाई हल्ली फार हो म्हणतात. बदलायला हव्यात."

"मामा – फौंड्रीत. भाच्याचे तोंड फाकवून आला."

"म्हातारी – बोअरवाल्याकडे. दात गेले, तरी धरले की सोडत नाही."

"जुळे दिले, एकच आला."

"अमावस्या सापडली. पेढे."

"पाहुणा आला. फार जेवतो." आणि चार ओळींनंतर, "पाहुणा गेला."

मी फौंड्रीत फोन करून "आमचे मामा तुमच्याकडे आहेत का?" असं विचारलं. तिथल्या मुलाने सांगितलं की मामा जेवायला घरी गेलेत, चार वाजता या. त्यानंतर इथे लिहायचं ठरवलं. कृपया हसून झाल्यावर मदत करा.

टर्नर_निवृत्त:

आधी हसून घेतलं. आता भाऊबंदकी. हा तुमच्या लेथचा चार जबड्यांचा चक, म्हणजे जॉब (घडवायचा तुकडा) धरून फिरवणारा पंजा. त्यात प्रत्येक जबड्याचा स्क्रू वेगळा, एक हलवला तर बाकीचे तिघे ढिम्म. वेडंवाकडं कास्टिंग धरायचं असेल तर त्याला पर्याय नाही. पण जॉब मध्यावर आणायचा म्हणजे डायल (काट्याचं मापयंत्र) लावून बसा. समोरचा अर्धा फेरा सैल करा, मग अलीकडचा आवळा, पुन्हा फिरवून बघा, तोवर तिसरा रुसलेला असतो. एकत्र कुटुंब म्हणजे तीन जबड्यांचा. चावी कुठल्याही एका भोकात घाला, तिघेही एकदम आत येतात नि एकदम बाहेर जातात. गोल किंवा षटकोनी बार असेल तर पटकन काम. मात्र जुना झाला की त्याचाही मध्य सरकतो, एकत्र कुटुंबाचं जसं होतं तसंच.

म्हणजे ते उसने दिलेले नाहीत. लेथवर आत्ता कोणता चढवलाय ते बघा, दुसरा खाली लाकडी फळीवर असेल. जड असतो, एकट्याने उचलू नका, आणि खाली लेथच्या बेडवर (रुळांवर) फळी टाकल्याशिवाय काढू नका.

तुमचे मिस्त्री दर्दी होते हो.

सातपूरकर:

जावई म्हणजे व्हर्नियर, सरकत्या जबड्याची मापपट्टी. पेटीतून येतो, मखमलीवर झोपतो, हात लावायच्या आधी हात पुसावे लागतात. आमच्याकडे नाशिकला साहेबांच्या टेबलावरच्या व्हर्नियरला 'राजपुत्र' म्हणायचे.

टर्नर_निवृत्त:

@सातपूरकर, व्हर्नियर टकटक करत नाही. जावई मायक्रोमीटर आहे, स्क्रू फिरवून बारीक माप घेणारा. त्याच्या शेपटाला रॅचेट असतं. जॉबला टेकला की ते घसरतं आणि टकटक वाजतं, म्हणजे जेवढा दाब द्यायचा तेवढा झाला. त्यापुढे कोणी थिंबल (फिरवायची नळी) धरून पिळला तर माप खोटं येतं आणि स्क्रूची वाट लागते. शंभरावा भाग मिलिमीटर दाखवणारी वस्तू आहे, तिचा मान ठेवावाच लागतो. बुशवाल्याकडून लवकर आणा.

सातपूरकर:

टकटक वाचलंच नव्हतं. व्हर्नियर मागे घेतो.

आयटीआय_निदेशिका:

सासूबाई मी सांगते, कारण ही नोंद फक्त विनोदी नाही. हा गो-नोगो प्लग गेज आहे. दांड्याच्या एका टोकाला 'गो', दुसऱ्या टोकाला 'नोगो'. भोक बरोबर असेल तर गो आत जातो आणि नोगो बाहेरच अडतो. मधलं काही नाही, आकडा नाही, वाद नाही. एक तोंड हो म्हणतं, एक नाही.

आता "फार हो म्हणतात" हे बघा. गो टोक प्रत्येक चांगल्या भोकातून जातं, त्यामुळे झिजतं तेच. झिजून बारीक झालं की जी भोकं खरं तर लहान राहिलीत त्यांतही ते सुळकन शिरतं. जॉब इथून पास होऊन जातात आणि ग्राहकाकडे शाफ्ट बसत नाही. मिस्त्रींनी नेमकं हेच पकडलंय. त्या गेजवर काम चालू असेल तर आजच थांबवा. जावई आणि सासूबाई दोघांनाही कॅलिब्रेशनला (माप तपासून घ्यायला) पाठवा, आणि कृपया तिथे आयडी नंबर लिहा. ग्राहकाच्या ऑडिटला "सासूबाई क्र. १" चालत नाही.

तलाठी म्हणजे मार्किंग ब्लॉक, ज्याला सरफेस गेजही म्हणतात. जड बैठक, उभी दांडी, दांडीला अडकवलेली सुई. सरफेस प्लेटवर (अगदी सपाट पाटावर) सरकवत जॉबवर समांतर रेघ ओढायची. जमिनीवर रेघ ओढणाऱ्याला आपल्याकडे दुसरं काय म्हणणार! सुई स्वस्तात मिळते.

आणि टोपणनावांचं म्हणाल तर आमच्या फिटरच्या अधिकृत अभ्यासक्रमातच एक पाय वाकडा असलेला 'जेनी' कॅलिपर आहे आणि कानशीच्या प्रतींमध्ये 'बास्टर्ड' आहे. दर वर्षी ऑगस्टमध्ये नव्या बॅचला तो धडा घेताना मी फळ्याकडे तोंड करून शिकवते.

उद्यमनगरी:

भावा, मामा म्हंजे माणूस न्हवं, पाईप हाय! पान्याच्या दांड्यावर चढवायचा जीआय पाईप. नट हलंना झाला की आरोळी ठोकायची, "मामाला बोलव रे." दांडा दुप्पट लांब झाला की तेवढ्याच जोरात दुप्पट पीळ बसतोय. भाचा म्हंजे त्यो पाना. एवढा पीळ सोसायला त्यो केलेलाच नसतोय, मग तोंड फाकतंय. फाकलेला पाना ठेवू नगंस, नटाचे कोपरे खातोय आणि घसरून बोटं फोडतोय. मामाला फौंड्रीतच राहू दे. भंगारात तसला पाईप कुठंबी घावतोय.

म्हातारी म्हंजे पाईप पाना, त्यात शंका न्हाई. बोअरवाले मोटर वर काढताना दोन-दोन लावत्यात, एकानं धरायचं, एकानं फिरवायचं. त्याच्याकडनं परत आण मात्र. ३६ इंची असंल तर आज नवीन घ्यायला खिसा फाटंल. दात गेले असले तर नुसता जबडा बदलून मिळतोय.

गॅरेजवाला:

अमावस्या = १० नंबरची गोटी (नट-बोल्टवर चढवायचं सॉकेट). पैज लावतो. आख्ख्या सेटमध्ये बाकीच्या गोट्या शहाण्यासारख्या आपापल्या खाचेत बसलेल्या असतात, हीच गायब. आणि गाडीचे निम्मे बोल्ट हिचेच. पेढे वाटणं अगदी योग्य.

कॉव्हेंट्रीकर:

मदत नाही, भर घालतो. इथे आमच्या शेजारच्या शहरावरून हातोडीला 'बर्मिंगहॅम स्क्रूड्रायव्हर' म्हणतात. म्हणजे तिथला माणूस स्क्रूसुद्धा ठोकूनच बसवतो. बर्मिंगहॅमवाल्यांसमोर बोलायचं नाही.

नवा_मालक:

सगळ्यांचे मनापासून आभार. दिवस सत्कारणी लागला.

जावई मिळाला, पेटीसकट. बुशवाल्यांनी स्वतःहून तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवला होता आणि देताना मलाच विचारलं, "टकटक माहीत आहे ना?" म्हातारी बोअरवाल्याच्या जीपमध्ये आहे, आणतोय म्हणाला. सासूबाईंना कामावरून उतरवलं आहे. तलाठी कपाटातच होता, सुईशिवाय. अमावस्या नाही. खोकं उघडलं, एक खाच रिकामी.

आता उरले जुळे आणि पाहुणा.

आयटीआय_निदेशिका:

जुळे म्हणजे व्ही ब्लॉक असावेत, गोल जॉब टेकवायचे V आकाराच्या खाचेचे ठोकळे. ते जोडीने ग्राइंड करतात, म्हणून दोघांची उंची आणि खाच तंतोतंत सारखी असते. लांब शाफ्ट दोन ठिकाणी टेकवायचा तर जोडीच लागते. दुसऱ्या कुठल्या तरी ब्लॉकबरोबर लावला तर शाफ्ट तिरका बसेल. तुमच्याकडच्या ब्लॉकवर अंक किंवा अक्षर कोरलेलं असेल. जुळ्याच्या अंगावरही तेच असतं. ते लिहून घ्या आणि गल्लीत तेवढंच विचारा.

टर्नर_निवृत्त:

पाहुणा "फार जेवतो" म्हणजे वेल्डिंग सेट असेल का? रॉड खातो, वीज खातो.

नवा_मालक:

कपाटात वेल्डिंग सेट नाही, पण रॉडची अर्धी पाकिटं आहेत खरी. जुन्या मालकांना तारखा वाचून दाखवल्या. या वेळी त्यांना उत्तर माहीत होतं, कारण पैशाचा मामला होता! त्याच तारखांना त्यांच्या खर्चाच्या वहीत "वेल्डिंग मशीन भाडे" आहे. म्हणजे पाहुणा आपला नव्हताच, यादीतून काढला.

ब्लॉकवर 'क' कोरलेलं आहे. उद्यमनगरातल्या कोणाकडे 'क' लिहिलेला एकटा व्ही ब्लॉक पेपरवेट म्हणून पडला असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पेढ्यांचं माझ्याकडे लागलं.