रिचर्ड ॲटनबरो गेले... नट म्हणून त्यांचं काय काय बघू?

रानपाखरू:
मंडळी, सकाळीच वाचलं, रविवारी २४ ऑगस्ट २०१४ ला गेले, अजून पाच दिवसांनी ९१ पूर्ण झाले असते. सगळीकडे ‘गांधी’चे दिग्दर्शक गेले असंच येतंय आणि ते बरोबरच आहे, पण माझ्यासाठी ते ज्युरासिक पार्कवाले आजोबा. १९९४ ला हिंदीत डब होऊन आला तेव्हा बाबांनी नेलं होतं, मी तिसरीत, अर्धा वेळ डोळे मिटून बसलो होतो पण ती पांढरी दाढी, ती काठी, काठीच्या मुठीत डास अडकलेला तो पिवळा खडा हे सगळं अजून डोळ्यासमोर आहे. मोठेपणी परत बघितला तेव्हा आइस्क्रीमचा सीन लागला मनाला. वीज गेलीय, सगळं वितळायला लागलंय, नातवंडं बाहेर रानात अडकलीयत आणि हा माणूस टेबलाशी एकटा बसून आइस्क्रीम खातोय आणि आपल्या जुन्या पिसवांच्या सर्कशीची गोष्ट सांगतोय. त्या एका सीनसाठी त्यांचं बाकीचं काम बघावंसं वाटतंय. कुठून सुरू करू?

जुनी तिकिटं:
‘१० रिलिंग्टन प्लेस’, १९७१. पण सांगून ठेवतो, तुमचे आजोबा त्यात सापडणार नाहीत. जॉन क्रिस्टी नावाचा खराखुरा खुनी होता लंडनमध्ये, त्याची भूमिका. टक्कल, चष्मा, अगदी हळू आवाज, शेजारणीला चहा विचारावा तसं बोलतो आणि आपल्या अंगावर काटा येतो. त्याच्या घरात राहणारा टिमोथी इव्हान्स, ज्याला निर्दोष असून १९५० मध्ये फाशी झाली, तो जॉन हर्टने केलाय, तोही बघताना जीव तुटतो. शूटिंग त्याच गल्लीत झालं, नंतर ती पाडली. ॲटनबरोंचा फाशीला विरोध होता म्हणून त्यांनी असला रोल घेतला, नाहीतर इतका किळसवाणा माणूस कोण हौसेने करेल?

कोथरूडकर:
खूप ताकदीचा आहे पण पहिलाच तो नका लावू प्लीज. आधी ‘द ग्रेट एस्केप’ बघा, १९६३. कैद्यांच्या छावणीतून तीन बोगदे खणून २५० जणांना बाहेर काढायचा प्लॅन करणारा ‘बिग एक्स’ म्हणजे हेच. सगळे मोटारसायकलवाल्या स्टीव्ह मॅक्वीनची आठवण काढतात पण मला तो डोळ्याजवळ व्रण असलेला, सतत डोकं चालू असलेला माणूस जास्त आवडतो, पूर्ण पिक्चर त्याच्या खांद्यावर उभा आहे. मग मागे जा, ‘ब्रायटन रॉक’, त्यात पोरसवदा गुंड आहेत, चेहरा कोवळा आणि नजर थंडगार.
आणि ‘गांधी’ परत बघाच. रोहिणीताई हट्टंगडींच्या कस्तुरबा, डॉ. लागूंचे गोखले, आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैयांचे कपडे. १९६२ मध्ये मोतीलाल कोठारींनी विषय काढला आणि पिक्चर आला १९८२ ला. वीस वर्षं! स्वतः नट असल्यामुळेच नटांकडून इतकं काढून घेता आलं असं मला मनापासून वाटतं.

मीरा_ठाणे:
‘शतरंज के खिलाडी’ कसा विसरलात कोणी? सत्यजित राय, १९७७. त्यात हे म्हणजे अवध घ्यायला निघालेला इंग्रज जनरल औट्रम. टॉम आल्टरला विचारत बसतो, हा राजा कविता काय करतो, नाचतो काय, दिवसातून नमाज किती वेळा पढतो. त्याला ते सगळं हास्यास्पद वाटतंय आणि तरी आपण करतोय ते न्यायाचं नाही हेही आतून कळतंय, दोन्ही एकाच चेहऱ्यावर दिसतं.
अजून एक, २००४ च्या त्सुनामीत थायलंडमध्ये त्यांची मुलगी आणि नात गेली. तेव्हा ते ८१ वर्षांचे होते. आज बातमी वाचताना मला पहिलं तेच आठवलं आणि खूप वाईट वाटलं.

रानपाखरू:
हे माहीत नव्हतं मीराताई. त्या आइस्क्रीमच्या सीनमध्ये ते नातवंडांच्याच काळजीत असतात ना...
बाबांना आत्ता फोन केला, त्यांना ‘ग्रेट एस्केप’ सीनसकट पाठ आहे म्हणे, मला कधी बोललेच नाहीत! शनिवारी दोघं बसून बघतो. रिलिंग्टन नंतर, दिवसाउजेडी.

जुनी तिकिटं:
बाबांना ‘ब्रायटन रॉक’ पण विचारा, त्यांच्या पिढीतल्या कोणीतरी नक्की बघितला असेल.