एली मॅनिंग हॉल ऑफ फेममध्ये हवा का? माझं मत : नको

कट्टेकरी :
२०२५ ला अमेरिकन फुटबॉलच्या हॉल ऑफ फेमच्या (दिग्गजांच्या मानाच्या यादीच्या) मतदानाला न्यूयॉर्क जायंट्सचा माजी क्वार्टरबॅक (पास टाकून खेळ चालवणारा) एली मॅनिंगचं नाव पहिल्यांदा आलं आणि गडी राहिला बाहेर, तेव्हापासून आमच्याकडे न्यू जर्सीत जायंट्सवाल्यांची रडारड चालूच आहे (संघाचं नाव न्यूयॉर्क, मैदान आमच्या इथे, असो). मला तरी निर्णय बरोबर वाटला. २००४ ते २०१९ खेळला, रेग्युलर सीझनला (म्हणजे प्लेऑफ, बाद फेरी सोडून) ११७ मॅच जिंकल्या, ११७ हरल्या. बरोब्बर निम्म्या! २४४ इंटरसेप्शन (पास थेट समोरच्यांच्या हातात), त्यातले २७ एकट्या २०१३ मध्ये, ऑल-प्रो (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंचा संघ) एकदाही नाही. दिग्गज क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगचा भाऊ नसता तर एवढी चर्चा तरी झाली असती का?

बिगब्लू_नाना :
दोन सुपर बोल (एनएफएल लीगची फायनल), दोन्हीचा एमव्हीपी (सामनावीर), आणि समोर दोन्ही वेळा पॅट्रियट्सचे ब्रेडी-बेलिचिक, म्हणजे क्वार्टरबॅक आणि कोच. हे सोयीस्कर विसरलात वाटतं. २००८ ला पॅट्रियट्स १८-० करून आलेले, शेवटच्या पावणेतीन मिनिटांत ८३ यार्ड जायचं होतं, गेला ना घेऊन? १७-१४. आडनावाने टचडाऊन मिळत नाही हो.

कट्टेकरी :
@नाना त्याच ड्राइव्हमध्ये (८३ यार्डांच्या चढाईत) जायंट्सच्या टायरीने बॉल हेल्मेटला दाबून धरला, त्याला नशीब म्हणतात. त्या टायरीने पुढे एनएफएलमध्ये एकही कॅच घेतला नाही. आणि त्या दिवशी ब्रेडीला पाच वेळा सॅक (पास टाकण्याआधीच आडवा) कोणी केलं, एलीने? डिफेन्सने १४ वर रोखलं म्हणून १७ पुरले.

जर्सीकरीण :
टायरीचा कॅच सगळ्यांना आठवतो पण त्याआधी तीन जणांनी एलीचा शर्ट धरला होता आणि हा त्यातून सुटून बाहेर आला ते कोणी बोलत नाही. मुळात मला तर सुपर बोलपेक्षा जानेवारी २०१२ ची सॅन फ्रान्सिस्कोची मॅच जास्त भारी वाटते, पावसात चिखलात सहा वेळा सॅक झाला, ५८ पास टाकले, एकही इंटरसेप्शन नाही, दर वेळी कपडे झटकून उभा, ओव्हरटाइमला २०-१७. ज्याला इंटरसेप्शनवाला म्हणून हिणवता त्याचीच ही मॅच बरं का. आणि २०११ च्या त्या अख्ख्या सीझनला ४९३३ यार्ड आहेत, तेही नशीबच का?

तटस्थ_तात्या :
ताई, त्या मॅचला सॅन फ्रान्सिस्कोच्या पंट रिटर्नवाल्याने (समोरच्यांची किक झेलून पळणारा) दोनदा बॉल घालवला नसता तर निकाल वेगळा लागला असता. पण माझा मुद्दा दुसरा आहे. जुना क्वार्टरबॅक जिम प्लंकेट बघा. रेडर्सकडून दोन सुपर बोल जिंकला, रेग्युलर सीझनला ७२-७२, म्हणजे हासुद्धा निम्मा-निम्मा, आणि इतकी वर्षं हॉलच्या बाहेर. एलीला घेतलं तर प्लंकेटला काय सांगणार?

बिगब्लू_नाना :
प्लंकेटलाही घ्या की, मी कुठे अडवलंय! जुना क्वार्टरबॅक जो नेमथ १७३ टचडाऊन, २२० इंटरसेप्शन घेऊन आत बसलाय. त्याला एक सुपर बोल पुरला, आमच्या एलीला दोन पुरत नाहीत होय? शिवाय सलग २१० मॅच स्टार्ट केल्या. २०१७ ला कोचने बाकावर बसवला तर दुसऱ्याच दिवशी कोचचीच नोकरी गेली.

कट्टेकरी :
नेमथचा काळ वेगळा, तेव्हा डिफेन्सवाले रिसीव्हरला अक्षरशः झोडपायचे, आकडे सगळ्यांचेच पडलेले असायचे. आणि रोज हजर राहणं हा गुण असेल पण हॉल ऑफ फेम म्हणजे शंभर टक्के हजेरीचं बक्षीस नाही. ज्या दोन सीझनला सुपर बोल जिंकले ते सोडले तर एलीने प्लेऑफची एकही मॅच जिंकलेली नाही. एकही नाही! २००४ च्या ड्राफ्टला (नव्या खेळाडूंच्या निवडीला) ज्याच्या बदल्यात तो न्यूयॉर्कला आला तो फिलिप रिव्हर्स आकड्यांत कितीतरी पुढे आहे. आधी त्याला घ्या.

जर्सीकरीण :
रिव्हर्स कितव्या सुपर बोलला खेळला तेवढं सांगा, मग पुढे बोलू.