मदत हवी आहे: रानभाज्यांच्या मोफत साइटवर एआय बॉटांची झुंबड

नमस्कार मंडळी,

कोकण आणि घाटमाथ्यावरच्या रानभाज्यांची एक छोटी मराठी साइट आम्ही काही मित्र चालवतो. ना जाहिरात, ना लॉगिन. मजकूर, फोटो सगळे क्रिएटिव्ह कॉमन्सच्या 'श्रेय द्या, त्याच अटींवर पुढे वाटा' परवान्याखाली खुले.

गेल्या पावसाळ्यापासून होस्टिंगवाल्यांचे मेल येताहेत: बँडविड्थ संपली, मोठा प्लॅन घ्या. लॉग पाहिले तर माणसे थोडी, बॉटच (आपोआप पाने उतरवून नेणारे प्रोग्राम) फार. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियानेही एप्रिल २०२५ मध्ये हेच सांगितले होते. जानेवारी २०२४ पासून फोटो-व्हिडिओंच्या डाउनलोडची बँडविड्थ ५० टक्क्यांनी वाढली आणि सर्व्हरला सर्वांत महाग पडणाऱ्या वर्दळीतली ६५ टक्के बॉटांची. त्यांना देणगीदार तरी आहेत, आम्ही खिशातून भरतो.

पण पैशांपेक्षा दुसरेच जास्त खुपते. शेवळ या रानभाजीच्या वेबपानावर आम्ही ठळक लिहिलेय, की काकडाची फळे किंवा चिंच घातल्याशिवाय भाजी करू नका, घसा खाजतो. एका चॅटबॉटला विचारले, तर कृती आमच्याच वाक्यांच्या वळणाची आणि काकड गायब! दुवाही नाही, मग चूक कळवणार कोण आणि कुणाला? पूर्वी विदर्भातून कुणीतरी लिहायचे, 'टाकळ्याला आमच्याकडे तरोटा म्हणतात.' साइट अशीच वाढली. आता ते प्रतिसाद आटलेत.

रोबोट्स फाइलमध्ये (बॉटांनी काय वाचू नये हे सांगणारी फाइल) एआयसाठी मजकूर गोळा करणाऱ्या जीपीटीबॉट, सीसीबॉट वगैरेंना मनाई केलीय, पण ती न जुमानणाऱ्यांचे काय करावे? गूगल-एक्स्टेंडेड (गूगलच्या एआयला आपला मजकूर वापरू देण्याची परवानगी) बंद केले तर शोधातून साइट उडेल का? परवाना बदलावा का? लॉगिन मात्र लावायचे नाही, आश्रमशाळांतले शिक्षक ही पाने वापरतात.

प्रतिसाद १
एक्स्टेंडेड खुशाल बंद करा, शोधातल्या क्रमावर परिणाम होत नाही. मात्र शोधाच्या वर येणारा एआय सारांश त्याने थांबणार नाही, तो शोधासाठी पाने वाचणाऱ्या नेहमीच्या गूगलबॉटवरच चालतो. पानाला नोस्निपेट ('उतारा दाखवू नका' अशी खूण) लावलात तर थांबेल, पण निकालाखालचा उताराही जाईल. बाकीच्यांसाठी क्लाउडफ्लेअर (साइटच्या पुढे राहून वर्दळ गाळणारी सेवा) बघा, मोफत प्लॅनमध्येही एआय बॉट अडवता येतात. जुनी पाने जपून ठेवणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हला तेवढे अडवू नका हो.

प्रतिसाद २
परवाना बदलून काही हाती लागणार नाही. एकदा दिलेला मागे घेता येत नाही, बाहेर गेलेल्या प्रतींना जुन्याच अटी. शिवाय फोटो ज्यांचे, त्यांना विचारावे लागेल. त्यापेक्षा बॉट हे टॅग आणि फिल्टरच्या (यादी गाळून दाखवणाऱ्या) पानांत घिरट्या घालताहेत का ते तपासा. लहान साइटी बऱ्याचदा तिथेच झोपतात. ती पाने बंद करा, बाकीची स्टॅटिक (आधीच तयार करून ठेवलेली) करून टाका.

धागाकर्ता
टॅगचे बरोबर निघाले! बहुतेक हिट तिथलेच होते, आजच बंद करतो. क्लाउडफ्लेअरबद्दल एक शंका: जुन्या मोबाइलवर, रेंज कमी असताना, 'तुम्ही माणूस आहात का' ही तपासणी अडून बसते का? कुणी खेड्यातून वापरून पाहिले असेल तर सांगा.