व्हर्जिनिया आणि न्यू इंग्लंड : दोन्हीकडे इंग्रजच, मग समाज इतके वेगळे का?

सीताबर्डी_वाचक
नागपूर विद्यापीठ, एम.ए. इतिहास. अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींवर नोट्समध्ये एकच ओळ आहे : ‘व्हर्जिनियात सोन्यासाठी गेले, न्यू इंग्लंडात धर्मासाठी.’ व्हर्जिनियातलं जेम्सटाउन १६०७ चं, न्यू इंग्लंडातलं बॉस्टन १६३० चं, मध्ये पाव शतकही नाही. मग एकीकडे गावं-शाळा आणि दुसरीकडे मळे-मजूर, असं का?

महाल_कट्टा
सोनं-धर्माची जोडी तपासणाऱ्याला पाठ असते. तुम्ही जमिनीच्या वाटपापासून सुरुवात करा.

व्हर्जिनियात १६१८ पासून माणशी ५० एकर मिळत, पण ते जहाजभाडं भरणाऱ्याला. दहा मजूर आणले की ५०० एकर. मजूर साधारण चार ते सात वर्षांच्या कराराने बांधलेला (आपल्याकडचा गिरमिटिया आठवा), बहुतेक तरुण, सडाफटिंग. बायका मोजक्या, त्यात हिवताप आणि हगवण. संसार उभे राहणार कसे?

न्यू इंग्लंडातल्या मॅसॅच्युसेट्समध्ये बहुतेक जमीन गटाला मिळे आणि गट ती कुटुंबांत वाटे. मध्ये प्रार्थनाघर, जवळच सामाईक कुरण, भोवती घरं, पलीकडे शेताच्या पट्ट्या. गावठाण आणि गायरान डोळ्यांपुढे आणा. शाळेचा १६४७ चा कायदा याच रचनेवर बेतलेला : ५० कुटुंबांमागे लिहायला-वाचायला शिकवणारा मास्तर, १०० झाली की लॅटिन शाळा. घरं कोसाकोसावर असती तर मास्तर बसवला कुठे असता?

काळी_कसदार
भाऊ, यात पीक राहिलं. तंबाखू वर्षभर हात अडकवून ठेवते : वाफ्यात रोपं, लावणी, शेंडा खुडणं, बगलफूट काढणं, अळ्या वेचणं, पानं टांगून वाळवणं, पिंपात दाबून भरणं. एका मजुराकडून दोन-तीन एकरच निभतात. जमीनही तीन-चार पिकांत थकते, मग नवं जंगल तोडा. म्हणून मळा मोठा आणि त्यातला बराचसा पडीक.

शहरं का झाली नाहीत तेही इथेच कळतं. आपल्या कापसाला जिनिंग लागतं, बाजार लागतो, त्यावर हिंगणघाट उभं राहतं. तिथे जहाज नदीतून थेट मळ्याच्या धक्क्याला लागे, पिंपं चढवी आणि इंग्लंडचा माल तिथेच उतरवी. मधल्या गावाचं कामच उरलं नाही.

महाल_कट्टा
बरोबर. आता गुण जातात त्या जागा. व्हर्जिनिया पहिल्यापासून गुलामांवर चालली असं लिहू नका. आफ्रिकी लोक १६१९ मध्ये आले खरे, पण १६७१ चा गव्हर्नर बर्कलीचा अंदाज पाहा : वस्ती ४०,०००, करारी मजूर ६,०००, गुलाम २,०००. (त्याच अहवालात इथे फुकट शाळा नाहीत, छापखाना नाही, म्हणून त्याने देवाचे आभार मानलेत!) पारडं गुलामांकडे फिरलं ते १६७६ च्या बेकनच्या बंडानंतरच्या (बर्कलीविरुद्ध वसाहतीतल्याच लोकांनी केलेलं बंड) दशकांत. इंग्लंडातून मजूर येणं आटलं, हेही कारण.

न्यू इंग्लंडातल्या प्लिमथ (१६२०) आणि मॅसॅच्युसेट्स बे (बॉस्टनची वसाहत) या दोन वसाहती एक समजू नका. प्लिमथवाले चर्च ऑफ इंग्लंडमधून फुटलेले, बेवाल्यांना ते आतूनच शुद्ध करायचं होतं. दोन्ही वसाहती १६९१ मध्ये एकत्र झाल्या. आणि ‘धर्मस्वातंत्र्य’ हा शब्द जपून वापरा. याच बेवाल्यांनी वेगळी मतं मांडणाऱ्या धर्मोपदेशक रॉजर विल्यम्सला हद्दपार केलं आणि १६६० मध्ये क्वेकर या वेगळ्या ख्रिस्ती पंथाच्या मेरी डायरला बॉस्टनमध्ये फाशी दिलं.

सीताबर्डी_वाचक
मग व्हर्जिनियाचा १६६२ चा गुलामगिरीचा कायदा उत्तरात कुठे घालू?

महाल_कट्टा
बर्कलीच्या आकड्यांच्या आधी. मूल स्वतंत्र की गुलाम हे आईवरून ठरेल, असा तो कायदा. इंग्रजी रिवाजात दर्जा बापावरून ठरे, इथे तो उलटवला. १६७१ मध्येही गुलाम जेमतेम दोन हजार होते आणि ही तरतूद त्याच्याही आधी झाली होती, हे एका वाक्यात लिहा.